एकच बाग, तीन नोंदी



गेल्या महिन्यातील एका रविवारी सामायिक आटोपून मी वर्तमानपत्र उघडले, तोच नातू हातात मोबाइल घेऊन समोर येऊन बसला. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा हा मुलगा घरात एरवी मोजकेच बोलतो. त्या दिवशी मात्र तो चांगलाच संतापला होता. "दादाजी, मागच्या बागेत लहान मुलांसाठी नवी खेळणी बसवली आहेत ना, ती म्हणे जुन्या खेळण्यांचीच दुबार नोंद आहे. मी पाठवलेली नोंद फेटाळली. तुम्ही रोज त्या बागेत फिरता. तुम्हीच सांगा, ती एक आहेत की दोन?"

प्रश्न सरळ होता. परंतु तो कोठून उगवला हे कळायला मला अर्धा तास लागला. नातू बोलत होता तो 'पोकेमॉन गो' या मोबाइलवरील खेळाविषयी. आपल्या समाजातील कित्येक घरांनी या खेळाचे नाव प्रथम ऐकले ते एका वादामुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली होती. खेळात मिळणारी अंडी हिंदू व जैन मंदिरांच्या जागी दिसतात आणि त्याने भाविकांच्या भावना दुखावतात, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने त्यावर नोटिसा काढल्या. खेळ आपल्या देशात अधिकृतपणे आला तो त्यानंतर, डिसेंबर २०१६ मध्ये. आमच्या सौभाग्यवती ती बातमी अजून विसरलेल्या नाहीत. नातवाने मोबाइल काढला की "आज किती अंडी?" हा प्रश्न ठरलेला. अखेर आमच्याकडे असा तह झाला की घरात त्या वस्तूला 'गोळा' म्हणायचे. दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालले की तो गोळा फुटतो आणि त्यातून एक काल्पनिक प्राणी बाहेर पडतो. त्या निमित्ताने मुलगा रोज पायी हिंडतो, हे पाहून मीही तहाला संमती दिली.

हा खेळ खऱ्याखुऱ्या रस्त्यांच्या नकाशावर चालतो. नकाशावर ठिकठिकाणी थांबे असतात. मंदिर, पुतळा, जुनी वेस, वाचनालय, बाग अशी प्रत्यक्षात असलेली एखादी खूण म्हणजे एक थांबा. खेळाडू त्या खुणेजवळ गेला की त्याला खेळातील सामग्री मिळते. या खुणा आल्या कोठून? ही नायअँटिक कंपनी २०१० मध्ये गूगलच्या पोटात जन्मली आणि २०१५ मध्ये वेगळी झाली. तिने २०१२ मध्ये 'इनग्रेस' नावाचा पहिला खेळ काढला. त्या खेळाच्या खेळाडूंनी गावोगावच्या खुणांची छायाचित्रे काढून पाठवली आणि त्याच खुणा पुढे पोकेमॉन गो मध्ये थांबे झाल्या. २०१९ पासून या कामासाठी 'वेफेअरर' नावाची स्वतंत्र व्यवस्था आहे. तीत नवी खूण सुचवणारा खेळाडूच, आणि ती तपासणारेही खेळाडूच. तपासणाऱ्याला आधी एक छोटी परीक्षा द्यावी लागते. मग त्याच्यासमोर खुणेचे छायाचित्र, आजूबाजूच्या परिसराचे दुसरे छायाचित्र, नाव, वर्णन आणि नकाशा येतो. अशा अनेकांची मते जुळून निकाल लागतो. कोणालाही एका पैशाचे वेतन नाही.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही बही लिहिणारेही फुकट आणि तपासणारेही फुकट. मार्च २०२५ मध्ये नायअँटिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली कंपनीला विकण्याचा करार जाहीर केला, तेव्हा या बिनपगारी मुनिमांच्या वाट्याला काय आले असेल, असा प्रश्न मी नातवाला विचारला. "मजा," तो म्हणाला. मी पुढे बोललो नाही.

असो. लहान मुलांची खेळण्याची जागा ही या नकाशात सर्वांत जास्त वादाची वस्तू का, हे मला बागेत गेल्यावर समजले. व्यायाम, भटकंती किंवा चार माणसांनी एकत्र येणे यांना वाव देणारी सार्वजनिक जागा खूण म्हणून चालते. शाळेच्या आवारातील जागा चालत नाही, कोणाचे खासगी घर चालत नाही. महापालिकेची बाग अर्थातच चालते. अडचण निराळीच आहे. देऊळ देवळासारखे असले तरी त्याचे शिखर, कमान, पायऱ्या यांत काही ना काही फरक असतो. घसरगुंडीचे तसे नाही. तीच लाल-पिवळी प्लास्टिकची घसरगुंडी, तोच निळा दांडा, तेच सी-सॉ बिबवेवाडीत, तेच हडपसरात आणि तेच सोलापुरातही. बागेची पाटी छायाचित्रात आली नाही, तर कोणती घसरगुंडी कोठली हे ती बसवणारा कंत्राटदारही सांगू शकणार नाही.

मी नातवाला म्हणालो, "तू पाठवलेली नोंद मला वाचून दाखव." त्याने वाचली. नाव होते 'चिल्ड्रन्स प्ले एरिया'. वर्णन होते, 'मुलांना खेळण्यासाठी छान जागा'. छायाचित्रात एक घसरगुंडी आणि मागे आकाश. आधीपासून नकाशावर असलेल्या जुन्या खुणेचे नावही तेच, आणि तिच्याही छायाचित्रात एक घसरगुंडी.

मार्केट यार्डातील भुसार बाजारात माझी उभी हयात गेली. 'महावीर' आणि 'पार्श्वनाथ' या नावांच्या पेढ्या एकेका गल्लीत तीन-तीन. खतावणीत नुसते 'महावीर' लिहिणाऱ्या नव्या मुनिमाला आमचे वडील दुसऱ्याच दिवशी बोलावून घेत आणि विचारत, "कोणते महावीर?" म्हणून आम्ही नावापुढे गाव लिहीत असू, गाव एकच असेल तर गल्ली लिहीत असू, आता पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक आहे. एकाच पुरवठादाराचे बिल दोनदा नोंदले गेले तर काय होते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. परंतु उलटही घडते. दोन खरी बिले सारख्याच रकमेची असतात, आणि घाईतला मुनीम एक खरे बिल 'दुबार' म्हणून खोडून टाकतो. तेव्हा चूक मुनिमाची जितकी, तितकीच क्रमांक न घालता बिल पाठवणाऱ्याची.

"म्हणजे त्यांचं बरोबर?" नातू म्हणाला. मी म्हणालो, "निकाल चुकला, पण तुझ्या कागदावरून दुसरा निकाल लागलाच नसता."

त्याला हे फारसे रुचले नाही. मित्राने त्याला एक सोपी युक्ती सांगितली होती, ती त्याने मग भीतभीत मला सांगितली. नकाशावर खुणेची टाचणी आपण स्वतः ठेवायची असते. ती खऱ्या जागेपासून तीस-चाळीस मीटर पलीकडे, बागेच्या मागील भिंतीपाशी ठेवायची. जुनी खूण लांब दिसली की तपासणाऱ्याला संशय येत नाही. यात आणखी एक फायदा. हा खेळ नकाशाची बारीक चौकोनांत वाटणी करतो. एकेक चौकोन साधारण सत्तर मीटर बाजूचा, आणि खेळाडूंच्या अनुभवानुसार एका चौकोनात एकच थांबा दिसतो. टाचणी रेषेपलीकडे गेली की थांबा नक्की मिळतो.

मी चप्पल घातली आणि म्हणालो, "चल, ती टाचणी जिथे पडेल तिथे जाऊन उभे राहू."

बागेमागच्या भिंतीला लागून एक बोळ आहे, आणि त्या बोळात एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्याचे फाटक. टाचणी नेमकी त्या फाटकाशी पडत होती. हे गृहस्थ एकटेच राहतात. फाटकासमोर मुले दुचाकी लावतात यावरून त्यांचे वसाहतीशी दोनदा वाजले आहे. नातू फाटकाकडे पाहत राहिला. मी त्याला अमेरिकेतील हकीकत सांगितली. २०१६ च्या उन्हाळ्यात तिकडे हा खेळ आला, तेव्हा अनोळखी माणसे मोबाइल घेऊन लोकांच्या दारात, अंगणात येऊ लागली. घरमालकांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावे लावले. २०१९ मध्ये त्याची तडजोड झाली, आणि अशा तक्रारींपैकी बहुतेकांचा निकाल पंधरा दिवसांत लावण्याचा प्रयत्न करू असे कंपनीला मान्य करावे लागले. नकाशातील टाचणी नकाशात राहत नाही. तिच्यामागे माणसे चालत येतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत सत्याणुव्रताचा एक अतिचार म्हणजे कूटलेखक्रिया, खोटा लेख तयार करणे. पाठशाळेत हा शब्द आपण सर्वांनी पाठ केलेला आहे, आणि त्याचा अर्थ म्हणून डोळ्यांसमोर खोटे खत, खोटी हुंडी, खोटा अंगठा एवढेच येते. टाचणी चाळीस मीटर सरकवणे त्यात बसते का? नातवाने विचारले. मी म्हणालो, "जागेची नोंद म्हणजे लेखच. ती तिथे नाही हे तुला ठाऊक आहे आणि तरी तू तिथे लिहितोस." त्याने टाचणीचा विचार तेथेच सोडला. हे श्रेय मी शास्त्राला देत नाही. ते बंगल्याच्या फाटकाला आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून नव्याने नोंद तयार केली. माझ्या पावलांनी जुन्या घसरगुंडीपासून नव्या जागेपर्यंत नव्वद पावले भरली. मधून ओढ्याचा बांधीव नाला जातो, त्यावर एक लहान पूल आहे. नवी जागा पाच वर्षांखालील मुलांसाठी आहे. तिला स्वतंत्र कुंपण आहे, खाली रबराची जमीन आहे आणि फाटकावर तशी पाटीही आहे. एवढे सगळे वेगळेपण असताना पोराने आकाशाचे छायाचित्र पाठवले होते! या वेळी पाटी दिसेल असे एक छायाचित्र घेतले, आणि पुलावर उभे राहून दोन्ही जागा एकाच चौकटीत येतील असे दुसरे. वर्णनात, या बागेत फाटकाजवळ आणखी एक जुनी खेळण्याची जागा आहे, हे त्याने आपण होऊन लिहिले. मित्र म्हणाला, दुसरीचा उल्लेख स्वतःच केलास तर पुन्हा मार खाशील. अठराव्या दिवशी नोंद मंजूर झाली.

हकीकत येथे संपली असती तर मी ती या सदरात लिहिली नसती.

मंजुरीच्या दिवशी आम्ही बागेत फिरत होतो. नातू आनंदात मला नकाशा दाखवत होता: ही जुनी घसरगुंडी, ही नवी जागा. मधे मला आणखी एक खूण दिसली. 'झोपाळा, उद्यान.' झोपाळा जुन्या घसरगुंडीपासून पस्तीस पावलांवर, त्याच वाळूत, त्याच कठड्याच्या आत. मी विचारले, "ही कोणी पाठवली?"

तो जरा वेळाने म्हणाला, "मीच. बारावीत असताना."

घसरगुंडी एका चौकोनात आणि झोपाळा पलीकडच्या चौकोनात पडत होता. दोन्ही छायाचित्रांत पूर्ण जागा दिसणार नाही याची काळजी त्याने घेतली होती. म्हणजे ज्याची नोंद दुबार नसताना दुबार ठरली म्हणून तो संतापला होता, त्याचीच एक खरी दुबार नोंद तीन वर्षे नकाशावर नांदत होती. अचौर्याणुव्रताचाही एक अतिचार आहे, प्रतिरूपक व्यवहार. भुसारवाल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. जुन्या तांदळात नव्याची कणी मिसळून एकाच भावाने विकणे म्हणजे तो.

नातू वाणिज्य शिकत असला तरी वादात वकिलाच्या तोडीचा आहे. "दादाजी, आपला अनेकांतवाद काय सांगतो? एकाच वस्तूला अनेक बाजू असतात. घसरगुंडीच्या बाजूने पाहिलं तर ती घसरगुंडी, झोपाळ्याच्या बाजूने पाहिलं तर झोपाळा." मला हसू आले. मी म्हणालो, "अनेकांत एका वस्तूच्या अनेक बाजू मान्य करतो, एका वस्तूच्या अनेक वस्तू करत नाही. हत्तीचा पाय खांबासारखा आणि कान सुपासारखा लागला, म्हणून चार आंधळ्यांना चार हत्ती मिळाले नाहीत."

दुबार खूण दिसली तर ती कळवण्याची सोय या व्यवस्थेत आहे. मी म्हणालो, "मग कळव." तो गप्प झाला. मला वाटले, स्वतःचा थांबा जाईल म्हणून. तेही कारण होतेच. थांबा वापरायला पूर्वी चाळीस मीटरच्या आत यावे लागे. साथीच्या काळात ते अंतर ऐंशी मीटर झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये खेळाडूंनी आग्रह धरल्यावर तेच कायम राहिले. त्या ऐंशी मीटरमुळे झोपाळ्याचा थांबा आमच्या गॅलरीतून हाताशी येतो. परंतु त्याने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मुलगा राहतो. जन्मापासून पायाने अधू आहे, चाकाच्या खुर्चीवर असतो. बागेच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, त्यामुळे तो आत जाऊ शकत नाही. संध्याकाळी इमारतीच्या फाटकाशी त्याची खुर्ची येते. तेथून त्याला लागणारा थांबा एकच, झोपाळ्याचा. घसरगुंडी लांब पडते, नवी जागा तर नाल्यापलीकडेच. आणि त्याच्यासाठी म्हणून बाकीची चार मुलेही फाटकापाशी येऊन बसतात.

वाचकहो, मी चाळीस वर्षे पेढी सांभाळली. खोटी नोंद खोडायची हे मला कधी कोणाला विचारावे लागले नाही. त्या संध्याकाळी मात्र लगेच उत्तर सुचले नाही. नोंद खोटी आहे आणि तिच्यावर एका मुलाची संध्याकाळ उभी आहे, ही दोन्ही विधाने खरी होती. राहू दे म्हणावे, तर उद्या प्रत्येक दुबार नोंदीमागे कोणी ना कोणी असा सापडेल. आणि ज्या तपासणाऱ्यांवर आम्ही महिनाभर चिडलो, ते इतके संशयी झाले ते अशाच नोंदींमुळे, हेही मला आता दिसत होते. नवी जागा नाकारणाऱ्याने तीच बाग नकाशावर पाहिली असेल, तिथे एकाच वाळूतल्या घसरगुंडी आणि झोपाळ्याच्या दोन खुणा पाहिल्या असतील, आणि तिसरी आली तेव्हा त्याने हात आखडला असेल. माझ्या नातवाचे खरे बिल त्याच्याच खोट्या बिलाने बुडवले होते.

मी एवढेच म्हणालो, "त्या मुलाला विचारलेस का?" त्याने विचारले नव्हते. चारही मुलांनी हा प्रश्न त्याच्या मागे चर्चिला होता, आणि त्याच्यासाठी म्हणून निर्णयही घेऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी नातवाने त्याला सर्व सांगितले. तो मुलगा म्हणे आधी बराच वेळ हसला, आणि मग म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं मी बनावट थांब्यावर खेळतोय? मला आधी सांगायचं तरी." पुढची सूचना त्याचीच. इमारतीच्या कोपऱ्यावर आपल्या समाजाने बांधलेली पाणपोई आहे, तिच्यावर संगमरवरी पाटी आहे, आणि फाटकाशी रोज संध्याकाळी बसून तो ती पाहत आलेला आहे. जाणारे-येणारे पाणी प्यायला थांबतात, बोलतात. ती नकाशावर नाही. आम्हा कोणालाच ती कधी खूण वाटली नव्हती.

झोपाळ्याची दुबार नोंद संवत्सरीपूर्वी कळवायची, पाणपोईचा निकाल तोवर येवो वा न येवो, असे नातवाने त्याच्यासमोर ठरवले आहे. आधीच का नाही, असे मी विचारू शकलो असतो. देणे मान्य करून तारीख पुढची घेणारे ऋणको मी पुष्कळ पाहिले आहेत. परंतु ही तारीख त्या मुलाने दिली आहे, म्हणून मी गप्प राहिलो.

पाणपोईचे छायाचित्र त्यानेच काढले, नातवाच्या मोबाइलवर, खुर्चीत बसून. थोडे तिरपे आले आहे आणि एका बाजूला कोणाची तरी सायकल दिसते. पण पाटीवरील अक्षरे वाचता येतात. टाचणी दोघांनी नळाच्या अगदी वर ठेवली आहे. सौ.नी वर्णनात एक वाक्य घालायला लावले, की येथील पाणी गाळून भरलेले असते. निकाल अजून आलेला नाही.